पितळी वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये आवाज आणि धूर बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक रोड, देवळाली, इगतपुरी आणि मनमाड या पट्ट्यात रेल्वेवर जीव असणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या घरी जपानमध्ये किंवा कोरियात हाताने जुळवलेले एखादे पितळी इंजिनाचे मॉडेलही कपाटात असते. अशा मॉडेलला आवाज आणि धूर द्यावा, अशी इच्छा झाली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे प्रामुख्याने एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या आणि १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या मॉडेलसाठी आहेत. मोठ्या मापासाठी जिथे वेगळे काही सांगायचे आहे, तिथे तसा उल्लेख केला आहे.

आधी आवाज बसवावा की धूर?

आधी चाल सुधारावी. आवाजाचा डीकोडर, म्हणजे इंजिनात बसणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडळ, मोटरच्या गतीवरून वाफेच्या फुत्कारांचा वेग ठरवतो, त्यामुळे इंजिन धक्के देत चालत असेल, तर आवाजही धक्के देतच येतो आणि पदरमोड करून आणलेला डीकोडर निकृष्ट वाटू लागतो. साध्या डीसी पुरवठ्यावर इंजिन अगदी सावकाश, न अडखळता, दोन्ही दिशांना चालते की नाही हे पाहावे. चाकांच्या एका ठरावीक स्थितीत ते प्रत्येक फेऱ्याला अडत असेल, तर दोष बहुधा जोडदांड्यांत किंवा दोन्ही बाजूंच्या क्रँकमधल्या ९० अंशांच्या कोनात असतो. तो दोष कोणताही डीकोडर झाकू शकत नाही. चाल जमली की विद्युतजोडणी, मग आवाज आणि सर्वांत शेवटी धूर, हा क्रम मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

पितळी मॉडेलचे काम प्लॅस्टिकच्या मॉडेलपेक्षा अवघड का मानले जाते?

कारण संपूर्ण सांगाडाच विजेचा वाहक असतो. बहुतेक पितळी मॉडेलांत इंजिनाच्या चाकांपैकी एकाच बाजूची चाके ॲक्सलपासून विद्युतदृष्ट्या विलग केलेली असतात, आणि टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, ती विरुद्ध बाजूची असतात. त्यामुळे इंजिनाचा सांगाडा एका रुळाच्या विद्युतदाबावर असतो आणि टेंडरचा सांगाडा दुसऱ्या. इंजिन आणि टेंडर यांमधला दांडा एका टोकाला विलग केलेला असतो आणि त्यावरच सगळी मदार असते. वळणावर इंजिनाच्या केबिनचा मागचा पत्रा टेंडरच्या पुढच्या कडेला निसटता जरी लागला, तरी थेट शॉर्ट होतो. साध्या डीसी ट्रान्सफॉर्मरवर त्याने फक्त गाडी थांबते. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल आदेशांनी इंजिन चालवण्याच्या पद्धतीत, मात्र रुळांवर कायम १४-१५ व्होल्ट आणि काही अँपिअर देण्याची क्षमता असते, त्यामुळे त्या जागी ठिणगी पडून पितळेवर खड्डा पडतो आणि रंग करपतो. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या रुळांवरचे सर्वांत अरुंद वळण घ्यावे, इंजिन हाताने त्यावरून ढकलावे आणि त्या दोन कडांमधली फट भिंगातून पाहावी. फट अपुरी वाटल्यास टेंडरच्या कडेला आतून पॉलिइमाइडची पातळ टेप लावावी. ही टेप बाजारात कॅप्टॉन टेप या नावाने मिळते.

आणखी एक सूचना. साफसफाईनंतर टेंडरची बोगी उलटी बसवली गेली, तर विलग चाकांची बाजू बदलते आणि इंजिन रुळावर ठेवताच शॉर्ट दाखवते. बोगी काढण्याआधी तिच्या पुढच्या टोकाला आतून खूण करावी.

मोटर बदलावी का?

१९६० आणि १९७० च्या दशकांतल्या जपानी मॉडेलांत बहुधा उघड्या चौकटीची मोटर असते. तिच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे ती किती प्रवाह खेचते. १२ व्होल्ट देऊन चाके क्षणभर हाताने रोखून धरावीत आणि त्याच वेळी मल्टिमीटरवर प्रवाह वाचावा. एचओ मापाचे बरेच डीकोडर सुमारे एक अँपिअर सलग प्रवाहासाठी बनवलेले असतात, तेव्हा रोखलेल्या अवस्थेतला आकडा त्याच्या जवळ किंवा पलीकडे गेला तर ती मोटर ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट अशी की या मोटरचा एक ब्रश अनेकदा थेट सांगाड्याला जोडलेला असतो. डीसीसीमध्ये हे मुळीच चालत नाही, कारण मोटरला वीज फक्त डीकोडरकडूनच मिळाली पाहिजे. रुळाची वीज सांगाड्यातून मोटरच्या एका टोकाला पोहोचली, तर पहिल्याच क्षणी डीकोडर जळतो.

ब्रशच्या स्प्रिंगवर बारीक इन्सुलेशन नळी चढवून जुनी मोटर वाचवता येते. तरीही माझे मत बंदिस्त डब्याच्या आधुनिक मोटरच्या बाजूने आहे. ती कमी प्रवाह घेते, शांत चालते आणि तिचे दोन्ही ब्रश मुळातच विलग असतात. मोटर शांत असणे महत्त्वाचे आहे, कारण गिअरची घरघर फुत्कारांपेक्षा मोठी असेल तर आवाज बसवूनही समाधान मिळत नाही. नवी मोटर आणि गिअर यांच्यामध्ये सिलिकॉनची लवचीक नळी वापरावी, आणि काढलेली जुनी मोटर व तिचे स्क्रू लेबल लावून मूळ खोक्यातच जपून ठेवावेत.

मोटर बसवून झाल्यावर तिच्या प्रत्येक टोकापासून सांगाड्यापर्यंत मल्टिमीटर लावावा. चाके हाताने फिरवत असतानाही जोडणी कोठेच दिसता कामा नये. ही तपासणी होईपर्यंत डीकोडर पाकिटातून बाहेरही काढू नये.

डीकोडरच्या तारांचे रंग कसे ओळखावेत?

हे रंग डीसीसीच्या मानकानुसार ठरलेले आहेत. लाल तार उजव्या रुळाकडून आणि काळी डाव्या रुळाकडून वीज घेते. नारिंगी आणि करडी या मोटरच्या तारा आहेत. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, आणि निळी ही सर्व फंक्शनांची, म्हणजे दिवे, धूर अशा वेगळ्या चालू-बंद करायच्या सोयींची, सामाईक धन तार असते. हिरवी आणि जांभळी या तारा पुढच्या फंक्शनांसाठी असतात. मात्र काही आवाजी डीकोडरांत जांभळी जोडी स्पीकरसाठी, तर काहींत स्पीकरच्या तारा तपकिरी असतात, म्हणून स्पीकरपुरते रंगावर विसंबू नये आणि सोबतची पुस्तिका पाहावी. निळ्या तारेचा स्पर्श सांगाड्याला कधीही होऊ देऊ नये. तार जोडायची नसेल, तर तिचे टोक कापून तसेच न सोडता त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी.

डीकोडर इंजिनात ठेवावा की टेंडरमध्ये?

टेंडरमध्ये. तेथे जागा असते, उष्णता नसते आणि स्पीकरही तेथेच बसतो.

त्याची किंमत म्हणजे इंजिन आणि टेंडर यांमधून जाणाऱ्या पाच-सहा तारा. त्या अगदी बारीक, सिलिकॉनचे आवरण असलेल्या असाव्यात, नाहीतर त्यांच्या ताठरपणामुळे हलके टेंडर वळणावर रुळावरून उतरते. मध्ये छोटा कनेक्टर ठेवल्यास दोन्ही भाग वेगळे करता येतात. इंजिनातून लाल तारेने आणि टेंडरमधून काळ्या तारेने वीज घेतली की मूळ व्यवस्था तशीच राहते. पण जमल्यास दोन्हीकडच्या विलग चाकांवर फॉस्फर ब्राँझच्या बारीक पट्ट्या टेकवून दोन्ही भागांतून दोन्ही रुळांची वीज घ्यावी. एकाच रुळाची वीज फक्त टेंडरच्या चार-पाच चाकांतून येत असेल, तर धुळीच्या एका ठिपक्यावरही आवाज तुटतो आणि इंजिन नव्याने सुरू झाल्यासारखे पहिल्यापासून बोलू लागते. त्यासाठी कपॅसिटरचा साठा, ज्याला छंदात कीप-अलाइव्ह म्हणतात, तोही लावावा. मात्र अस्वच्छ चाकांवर तो उपाय समजू नये.

स्पीकर कोणता आणि कसा बसवावा?

स्पीकरपेक्षा त्याची पेटी महत्त्वाची आहे. पडद्याच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकांत मिसळली तर खालचे सूर एकमेकांना मारतात आणि फुत्काराऐवजी कागद फडफडल्यासारखा आवाज येतो. म्हणून पेटी मागून हवाबंद हवी. मोबाईलमध्ये वापरतात तसले सुमारे ११ मिमी गुणिले १५ मिमी मापाचे छोटे स्पीकर आता सहज मिळतात, आणि पेटीसह बसवले तर आकाराच्या मानाने उत्तम वाजतात. टेंडरमध्ये जागा असेल, तर मोठा गोल किंवा लांबट स्पीकर तळाकडे तोंड करून बसवावा. पितळी टेंडरच्या तळाला बहुधा आधीच भोके असतात, त्यांचा उपयोग करावा. नवीन भोके पाडू नयेत.

स्पीकरचा रोध डीकोडरच्या पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा कमी नसावा. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, हे विसरल्यामुळे जुन्या डीकोडरांचे ध्वनिवर्धक जळतात.

भारतीय इंजिनासाठी कोणता आवाज निवडावा?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण येथे नाशिकच्या वाचकाला स्वतःचे काही सांगता येते. थळ घाटातली १ मध्ये ३७ ची चढण १९३० च्या सुमारास विद्युतीकृत झाली, पण इगतपुरीच्या पुढे मनमाड-भुसावळकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफेच्या इंजिनांनीच गाड्या ओढल्या. इगतपुरीला विजेचे इंजिन सुटायचे आणि वाफेचे लागायचे. नाशिक रोड आणि देवळालीच्या ज्या ज्येष्ठांनी ते ऐकले आहे, त्यांना डीकोडरमधल्या शिट्ट्या एकामागून एक ऐकवाव्यात आणि त्यांचा कौल घ्यावा. त्यांच्या कानाइतकी विश्वासार्ह कसोटी दुसरी नाही.

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाची पहिली इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. ती ४-६-२ चाकरचनेची (पुढे चार, मध्ये सहा मुख्य आणि मागे दोन चाके), दोन सिलिंडरांची होती. त्यामुळे त्याच चाकरचनेच्या अमेरिकी इंजिनाचे फुत्कार डब्ल्यूपीला बऱ्यापैकी शोभतात. पण एक गोष्ट हमखास बदलावी लागते. अमेरिकी ध्वनिसंचात उभे असताना हवेच्या पंपाची ठकठक सतत चालू असते, कारण तेथे हवेचे ब्रेक होते. आपल्याकडे वाफेच्या काळात गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत, आणि उभ्या इंजिनातून व्हॅक्यूम तयार करणाऱ्या इजेक्टरचा सलग फुसफुसाट येई. तेव्हा पंपाचा आवाज शून्यावर आणावा. डीकोडर संगणकावरून भरता येणारा असेल, तर ब्रिटिश ध्वनिसंचातला इजेक्टर घ्यावा. जी घंटा अमेरिकी इंजिने स्थानकात वाजवतात, तीही बंद करावी. एवढ्या दोन बदलांनी डोळे मिटून ऐकणाऱ्याला देश बदलल्यासारखा वाटतो.

फुत्कार चाकांशी कसे जुळवावेत?

दोन सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार होतात. डब्ल्यूपीच्या मुख्य चाकाचा व्यास १,७०५ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात इंजिन सुमारे ५.३६ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटर वेगाला सेकंदाला दोन फुत्कार, आणि ताशी १०० किलोमीटरला सुमारे २१ होतात. सेकंदाला २१ ठोके कान वेगळे मोजू शकत नाही, ती एक सलग गर्जना होते. म्हणून जुळणी फक्त सावकाश वेगासाठी काटेकोर करावी.

बहुतेक आधुनिक डीकोडर मोटर फिरताना तिच्यात निर्माण होणाऱ्या उलट-विद्युतदाबावरून चाकांची गती ओळखतात. संबंधित सीव्ही, म्हणजे डीकोडरमधली क्रमांकित सेटिंग, बदलत, चाकावर खडूची खूण करून, एका फेऱ्याला चार ठोके येईपर्यंत आकडा हलवावा. सीव्हीचा क्रमांक प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. याहून अचूक पद्धत म्हणजे ॲक्सलवर चार खाचांची चकती आणि एक स्पर्शपट्टी किंवा चुंबक आणि संवेदक बसवणे. पितळी मॉडेलमध्ये स्पर्शपट्टीला सांगाड्यापासून विलग ठेवण्याचा त्रास बराच असतो आणि घरातल्या मांडणीवर मिळणारा फरक थोडा, म्हणून मी स्वतः पहिल्या पद्धतीवर समाधानी आहे.

वेग वाढवताना फुत्कार जड आणि वेग सोडताना हलके व्हायला हवेत. त्यासाठी सीव्ही ३ आणि ४ मध्ये, म्हणजे वेग घेण्याच्या आणि सोडण्याच्या कालावधीत, पुरेसे मोठे आकडे भरावेत. शून्यावर ठेवल्यास चढणीवरचा जोर ऐकूच येत नाही.

पहिल्यांदा वीज देताना काय काळजी घ्यावी?

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे मर्यादित प्रवाहाच्या वेगळ्या रुळावर इंजिन ठेवावे आणि सीव्ही १ वाचावा. नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. तो वाचता आला म्हणजे मोटर आणि वीज घेणाऱ्या तारा ठीक जोडल्या आहेत. असा वेगळा रूळ नसेल, तर मुख्य पुरवठ्याच्या एका तारेत मोटारसायकलच्या मागच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब मालिकेत जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि डीकोडर वाचतो. नंतर सेटिंग बिघडली तर सीव्ही ८ मध्ये ८ भरल्याने अनेक प्रमुख कंपन्यांचे डीकोडर मूळ स्थितीत येतात.

धूर नेमका कशाचा असतो, आणि तो बसवावा का?

छोट्या नळीत तापणारी तार असते. ती शुद्ध केलेल्या पॅराफिनवर्गीय तेलाची वाफ करते, आणि बाहेरच्या हवेत तिचे सूक्ष्म थेंब होऊन पांढरा धूर दिसतो. जर्मनीच्या सॉइटे कंपनीच्या अशा नळ्या अनेक दशके प्रचलित आहेत.

बसवावा का, याचे उत्तर मॉडेल पाहूनच द्यावे लागते. धुराडे अनेकदा भरीव ओतीव असते, आणि नळी बसवायची तर ते आरपार कोरावे लागते. कोरलेले पितळ परत भरता येत नाही. मर्यादित संख्येत बनलेले, मूळ रंगाचे किंवा वारशाने आलेले मॉडेल असेल, तर मी ठामपणे सांगेन की आवाजावर थांबावे. धुराडे आधीच पोकळ असेल, किंवा मॉडेल नव्याने रंगवायचेच असेल, तर जरूर बसवावा.

बसवताना तीन धोके आहेत. पहिला विजेचा. काही जुन्या नळ्यांचे धातूचे आवरण हेच त्यांचे एक टोक असते. अशी नळी पितळी धुराड्यात घातली आणि दुसरे टोक डीकोडरला दिले, तर निळी तार रुळाशी जोडली गेल्यासारखेच होते. डीसीसीसाठी दोन्ही तारा विलग असलेलीच नळी घ्यावी. दुसरा धोका प्रवाहाचा. नळीला साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर लागतात, आणि काही डीकोडरांच्या फंक्शनची मर्यादा १०० च्या आसपासच असते. अशा वेळी मध्ये छोटा ट्रान्झिस्टर किंवा रिले लावावा. नळीचा व्होल्टही पाहावा, कारण ८-१० व्होल्टची नळी १४ व्होल्टवर फार काळ टिकत नाही. तिसरा धोका उष्णतेचा. पितळ उष्णता झपाट्याने पसरवते. नळी बॉयलरच्या पत्र्याला टेकली तर ती गार पडून धूर विरळ होतो, आणि तीच उष्णता धूम्रपेटीवरचा रंग फुगवते. नळीभोवती उष्णता सहन करणारा पॉलिइमाइडचा वेढा आणि थोडी मोकळी हवा ठेवावी.

धूर फुत्कारांच्या तालावर यावा, हे शक्य आहे का?

खऱ्या इंजिनात हे दोन वेगळे नसतातच. सिलिंडरमधून सुटलेली वाफ ब्लास्ट पाइपमधून धुराड्यात वर फेकली जाते, तिनेच आवाज होतो आणि तीच भट्टीतली हवा ओढते. मॉडेलमध्ये त्यासाठी नळीऐवजी पंखा असलेले धूरयंत्र लागते. डीकोडर प्रत्येक फुत्काराला पंख्याला झटका देतो आणि लोट वेगळे दिसतात. ३२ मिमी रुळांच्या ओ मापात आणि त्याहून मोठ्या मापांत हे सुंदर दिसते. एचओच्या अरुंद बॉयलरमध्ये पंख्याचे यंत्र बसवण्याइतकी जागा फार थोड्या मॉडेलांत असते. मॉडेलला इजा न करता जमत असेल तरच तो विचार करावा.

धुरासाठी खोबरेल तेल, ग्लिसरीन किंवा बेबी ऑइल चालेल का?

नाही. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणजे नाशिकच्या थंडीत ते नळीतच घट्ट होईल, आणि तापले की त्याची चिकट काळी राप तारेवर बसते. ग्लिसरीन जास्त तापले की डोळे आणि घसा चुरचुरवणारी वाफ निघते. बेबी ऑइलमध्ये सुगंध मिसळलेला असतो आणि ते तेल तापवण्याकरिता बनवलेले नाही. मॉडेलसाठीचे तेलच घ्यावे. ते ड्रॉपरने मोजके थेंब घालावे. नळी काठोकाठ भरली तर धूर येत नाही, तेल उकळून बाहेर उडते. कोरडी असताना चालवली तर तार जळते. खोलीची खिडकी उघडी ठेवावी, आणि घरात दम्याचा त्रास असलेले कोणी असेल तर धूर वापरूच नये.

सांडलेले तेल रुळांवर पसरले की इंजिन चढणीवर घसरते आणि वीजही तुटते. धुराचा प्रयोग झाल्यावर रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावेत. ते अल्कोहोल मॉडेलच्या रंगावर मात्र पडू देऊ नये.

पितळ काळवंडले आहे. चिंचेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासावे का?

कदापि नाही. न रंगवलेल्या मॉडेलवर बहुधा पारदर्शक लॅकरचा थर असतो. चिंच, लिंबू किंवा पावडर तो ठिगळाठिगळांनी काढते, आणि पावडरीचे कण गिअरमध्ये व वाल्व्हच्या बारीक दांड्यांत जाऊन बसतात.

नाशिकमध्ये हे काम कोणाकडून करून घेता येईल?

विलगीकरणाच्या बुशी, मोटरचा पाया किंवा चकती हवी असेल, तर सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतले छोटे लेथवाले मापाचा आराखडा दिल्यास नेमके काम करतात. बारीक तारांचे सोल्डरिंग मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर आपल्यापेक्षा स्वच्छ करेल. भांडी बाजारातल्या तांबटांचा पितळेवरचा हात वादातीत आहे, पण त्यांची आच भांड्यांच्या मापाची असते. मॉडेलचे बारीक भाग ज्या सोल्डरने जोडलेले असतात, ते १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि एका ठिकाणी दिलेली आच पत्र्यातून पसरून शेजारचे कठडे व नळ्या सुटतात. म्हणून सांगाड्यावर सोल्डर करणेच टाळावे. तार जोडण्यासाठी स्क्रूखाली टॅग द्यावा.

पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच. दमट हवेत चाकांवर आणि स्पर्शपट्ट्यांवर थर चढतो, स्पीकरचा कागदी पडदा सैल होतो. इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे, पंधरवड्यातून एकदा थोडा वेळ धूर न लावता चालवावे, आणि धुराची नळी रिकामी करून मगच डबा बंद करावा.